कोरड्या खान्देशात ट्रकची चॅसिस गंजते कशी?

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की दोरीवर टाकलेले कपडे बघता बघता खडखडीत वाळतात. धुळ्याला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त कोकणात एकट्या जुलैत पडतो. लोखंड गंजायला पाणी लागते, हे सगळे शाळेतच शिकतात. मग धुळ्याजवळ महामार्गालगतच्या गॅरेजांत उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या ट्रकखाली वाकून पाहिले, तर चॅसिसचे तांबूस-काळे पापुद्रे नुसत्या बोटांनी का सुटतात? 'गाडी जुनी झाली' हे ठरलेले उत्तर आहे, पण ते पुरत नाही. त्याच चॅसिसचा केबिनमागचा भाग अनेकदा रिव्हेटच्या डोक्यांसकट शाबूत असतो आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळचा हातभर तुकडा मात्र खाल्लेला असतो. लोखंड एकाच कारखान्यातले, एकाच वयाचे. म्हणजे गंज वयाने सगळीकडे सारखा येत नाही, तो जागा धरतो. आणि ज्या जागा तो धरतो, त्याच जागांवर ट्रकचा ताण सर्वांत जास्त असतो. हा योगायोग नाही, त्याला कारणे आहेत. ती कळली की रंग, वय आणि ब्रेकची चाचणी या तिन्हींवरून गाडीची सुरक्षितता ठरवण्याची आपली रीत कुठे तोकडी पडते, तेही कळते.

दोन चॅनल आणि त्यांचे ओठ

आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू ट्रकांचा सांगाडा शिडीच्या आकाराचा असतो. केबिनखालून थेट मागच्या टोकापर्यंत गेलेले दोन लांब चॅनल आणि त्यांना जागोजागी जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. चॅनल म्हणजे घडी घातलेला जाड पत्रा, साधारण सहा ते आठ मिलिमीटरचा. मध्ये उभी पट्टी, तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आडवे वळवलेले दोन ओठ. इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी, हवेच्या टाक्या, स्टिअरिंगचा खोका, पाट्यांचे हँगर आणि वरचा हौदा हे सगळे या दोन चॅनलांनाच धरून असते. चाके बदलता येतात, इंजिन उतरवून पुन्हा बसवता येते. चॅसिस बदलणे म्हणजे जवळपास गाडीच नव्याने बांधणे, आणि गाडीचा क्रमांकही तिच्यावरच कोरलेला असतो.

माल भरला की पुढच्या आणि मागच्या चाकांमधला चॅनल खाली झुकू पाहतो. झुकताना त्याचा वरचा ओठ दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. उभ्या पट्टीच्या मध्यावर मात्र वाकण्याचा ताण जवळजवळ शून्य असतो. म्हणूनच कारखान्यात पाइप-वायर नेण्यासाठी भोके पाडतात ती उभ्या पट्टीत, ओठांत नाही. मागच्या चाकांच्या वर चित्र उलटे होते. तिथे मागे लोंबणारा भाग खाली ओढतो, म्हणून वरचा ओठ ताणात येतो. लोखंड दाबाला सहसा दगा देत नाही, चीर पडते ती ताणात. तेव्हा चॅसिसच्या आयुष्याचा निकाल दोन ठिकाणी लागतो: चाकांच्या मधल्या भागात खालच्या ओठावर आणि मागच्या चाकांपाशी वरच्या ओठावर.

आता याच दोन जागा गंजाच्या बाजूने पाहू. चॅनलचे तोंड आतल्या बाजूला असल्यामुळे खालचा ओठ ही आयती फळी होते. चाकांनी उडवलेला चिखल, हौद्याच्या फटींतून गळलेले पाणी, सांडलेले खत, सगळे त्या फळीवर साचते आणि वारा-ऊन तिथे पोहोचत नाही. मागच्या चाकांवर, वरच्या ओठावर, हौदा टेकतो. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये लाकडी किंवा रबरी पट्टी घालतात. लाकूड पाणी पिते आणि आठवडाभर धरून ठेवते. ताणाची जागा आणि ओलीची जागा अशी एकच होते. चॅसिसची रचनाच तशी आहे, त्यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. निष्काळजीपणा सुरू होतो तो पुढे.

पाऊस किती, यापेक्षा ओल किती तास

गंज लागणे हा विजेचा व्यवहार आहे. लोखंडाच्या एकाच पट्टीवर एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. दुसऱ्या ठिकाणी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो. या दोन ठिकाणांना जोडणारा पाण्याचा पातळ थर असेल तोवरच व्यवहार चालतो, थर वाळला की थांबतो. पाण्यात क्षार विरघळलेले असतील तर वीज सहज वाहते आणि गंज धावू लागतो. म्हणून गंजाचा अभ्यास करणारे वर्षाचा पाऊस मोजून थांबत नाहीत, पृष्ठभाग वर्षातले किती तास ओला राहिला ते मोजतात. या मापाने बघितले की खान्देशाचे कोडे सुटू लागते. हवा कोरडी असली तरी चॅसिसचा खालचा ओठ त्या हवेत राहतच नाही, तो चिखलात राहतो.

आणि चिखल कसला, तर तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती. कापसाला आणि केळीला ही माती मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. चॅसिसवर बसल्यावरही ती तेच करते. वरून तडकलेली, वाळलेली खपली दिसते, पण आत लोखंडाला लागून ओल टिकते. इथे सर्वसाधारण समजाच्या उलटी गोष्ट घडते. ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त, असे वाटते. प्रत्यक्षात एकाच पट्टीवर काही भाग हवेत आणि काही चिखलाखाली असेल, तर उघड्या भागावर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन उचलत राहतो आणि लोखंड विरघळते ते कमी ऑक्सिजनच्या, म्हणजे चिखलाखालच्या भागात. दिसणारा भाग बरा राहतो, झाकलेला झिजतो. उन्हाचा चटका या झाकलेल्या ओलीत तारक नसून मारक ठरतो, कारण ओल असेपर्यंत उष्णतेने रासायनिक क्रियेचा वेग वाढतोच. हिवाळ्यात धुळ्याचे रात्रीचे तापमान कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. रात्रभर थंड झालेल्या जाड लोखंडावर पहाटे दव धरते, ते वेगळेच.

क्षार कुठून येतात? पहिले उत्तर गाडीच्या प्रवासात आहे. एमएच १८ किंवा एमएच १९ क्रमांकाची गाडी धुळ्या-जळगावातच फिरते असे नाही. धुळे हा आग्रा, सुरत, नागपूर आणि सोलापूर या वाटांचा चौफुला. राष्ट्रीय महामार्ग ५३ सुरतेपलीकडे हजिऱ्याच्या किनाऱ्यापासून निघून नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ करत नागपूरकडे जातो. देशातल्या मिठाचा सर्वांत मोठा हिस्सा गुजरात पिकवतो. बंदरातून माल उचलणारी किंवा मिठाची पोती वाहणारी गाडी समुद्र अंगावर घेऊनच कोंडाईबारीचा घाट चढते. दुसरे उत्तर घरातलेच आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. रावेर-यावलच्या केळीला पालाश भरपूर लागते. ते द्यायचे नेहमीचे खत म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, रसायनाच्या भाषेत पोटॅशियम क्लोराइड, खाण्याच्या मिठाचे जवळचे नातलग. रेल्वेच्या मालधक्क्यावरून गोदामात आणि गोदामातून गावोगावी ते ट्रकनेच जाते. फाटक्या पोत्यातून सांडलेले खडे हौद्याच्या फटींतून चॅसिसवर पडतात. पावसाळ्यातल्या दमट पहाटे ते हवेतलीच ओल ओढून घेतात आणि विरघळतात. म्हणजे त्या दिवशी पाऊस पडला नाही तरी खालच्या ओठावर खारे पाणी तयार असते.

तिसरा प्रकार वाळूचा. गिरणेतून उपसलेली वाळू ओलीच भरली जाते आणि डंपर पळत असताना तिचे पाणी चॅसिसवर ठिबकत राहते. वाळूची गाडी वजनापेक्षा जास्त भरलेली असण्याची शक्यता किती, हे जळगाव जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. ओल आणि जादा ओझे एकाच फेरीत एकत्र येतात.

यावर गॅरेजात एक जुना उपाय आहे: जळके ऑइल किंवा डिझेल खालून फवारायचे. स्वच्छ, कोरड्या लोखंडावर तेलाचा थर काही काळ पाणी दूर ठेवतो, हे खरे. पण फवारणी होते ती बहुधा चिखलाच्या खपलीवर. मग तेल बाहेरची ओल अडवण्याऐवजी आतलीच ओल बाहेर जाऊ देत नाही. शिवाय ते रबरी बुशांना फुगवते आणि ब्रेकच्या लायनरवर उडाले तर ब्रेकची पकडच घालवते.

पातळ होण्यापेक्षा चीर पडणे वाईट

'सात-आठ मिलिमीटरचा पत्रा आहे, थोडा खाल्ला तर काय बिघडते?' हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यातच द्यायला हवे. समजा, सात मिलिमीटरच्या ओठातून दोन्ही बाजूंनी मिळून १.४ मिलिमीटर गेले. जाडी २० टक्क्यांनी घटली, म्हणजे उरलेल्या लोखंडावरचा ताण ढोबळमानाने २५ टक्क्यांनी वाढला. एकदाच भार द्यायचा असता तर चॅसिसने तो हसत पेलला असता, कारण आखणी करताना बरीच शिल्लक ठेवलेली असते. पण ट्रकवरचा भार एकदाच येत नाही. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गतिरोधकाला चॅनल वाकतो आणि सरळ होतो, वर्षाला लाखो वेळा. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण मागे-पुढे वाकवत राहिले की हातात दोन तुकडे येतात. त्यासाठी तारेपेक्षा हाताचा जोर मोठा असावा लागत नाही. धातूच्या या थकण्यातून आधी केसाएवढी चीर जन्मते, ती बरीच वर्षे हळूहळू वाढते आणि एका दिवशी उरलेला भाग एकदम सुटतो.

थकण्याचे गणित सरळ चालत नाही. वेल्डिंगच्या सांध्यांसाठी अभियंते वापरतात तो ढोबळ नियम असा की आयुष्य ताणाच्या घनाच्या उलट प्रमाणात घटते. ताण सव्वापट झाला की सव्वाचा घन जवळजवळ दोन, म्हणजे आयुष्य निम्मे. हा झाला फक्त गंजाचा हिशेब. त्यावर मालही सव्वापट भरला, तर ताण दीडपटीहून थोडा जास्त होतो आणि आयुष्य पावपर्यंत खाली येते. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने ट्रकची कायदेशीर वजनमर्यादाच वाढवली: दोन आसांच्या गाडीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, तीन आसांचे २५ वरून २८.५. नव्या गाड्या त्या हिशेबाने बांधता येतात. जुन्या, आधीच थोड्या झिजलेल्या चॅसिसवर तेच वजन चढले, तर वरच्या गणितातले दोन्ही गुणक एकाच वेळी लागू होतात.

याहून गंभीर बाब निराळी आहे. कोरड्या हवेत पोलादाला थकण्याची एक खालची मर्यादा असते. ताण तिच्याखाली राहिला तर चीर पडतच नाही, कितीही हेलकावे बसोत. ओल आणि क्षार असतील तर ही मर्यादाच नाहीशी होते. गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, तिथे चीर उघडते, उघडलेल्या चिरेत ताजे लोखंड पाण्याला भेटते, ते विरघळते आणि चीर पुढे सरकते. गंज आणि थकवा परस्परांचे काम सोपे करतात. त्यामुळे एकसारखा, सगळीकडे पसरलेला तांबूस रंग दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही. ओठाच्या कडेला, भोकाशेजारी किंवा हँगरच्या रिव्हेटपाशी पडलेला एक खोल खड्डा त्याहून घातक असतो.

दुहेरी पत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. जास्त भारासाठी चॅनलच्या आत दुसरा चॅनल बसवतात, ज्याला व्यवहारात डबल चॅसिस म्हणतात. दोन पत्र्यांमधल्या केसभर फटीत पाणी शिरते आणि तिथून ते वाळत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. फटीत तयार झालेला गंज दोन पत्रे आतून रेटतो, पत्रा फुगतो, रिव्हेटची डोकी ताणली जाऊन उडतात. मजबुतीसाठी लावलेला दुसरा पत्रा असा पहिल्याला सोडवत नेतो. डबल चॅसिस वाईट, असा याचा अर्थ नाही. तिची फट बंद आणि कोरडी ठेवली नाही तर तिचा फायदा टिकत नाही, एवढेच.

वेल्डिंगचे ठिगळ

चीर दिसली की पहिला उपाय वेल्डिंगचा. चीर भरायची, वर पट्टी मारायची, काळा रंग लावायचा, संध्याकाळी गाडी भरायला पाठवायची. चॅसिसवर वेल्डिंग करूच नये, असे कोणी म्हणत नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत त्याची पद्धत दिलेली असते. पण ती पद्धत आणि रस्त्याकडेचे ठिगळ यांत बरेच अंतर आहे. चॅसिसचे पोलाद साधे नसते, त्याची ताकद ठरावीक पद्धतीने लाटून-थंड करून आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ती बदलते, आणि सांध्याची कडा स्वतःच ताण एकवटणारी खाच होते. त्यातून पट्टी चौकोनी कापून ओठावर आडवी शिवली, तर ताण पट्टीच्या टोकाशी अचानक उडी घेतो आणि नवी चीर नेमकी तिथून सुरू होते. म्हणून पट्टीची टोके तिरकी, निमुळती कापायची, ती भोकाजवळ किंवा क्रॉस मेंबरच्या सांध्यापाशी संपू द्यायची नाहीत, आणि शक्य तिथे वेल्डिंगऐवजी उभ्या पट्टीत बोल्ट घालायचे. गंजलेल्या लोखंडावर पट्टी मारणे तर दुहेरी चूक: आतला गंज तसाच राहतो आणि वर एक नवी, न वाळणारी फट तयार होते.

गॅरेजवाल्याला दोष देऊन हे सुटणार नाही. त्याच्यासमोरची गाडी हप्त्यावर असते, माल नाशवंत असतो, दिल्लीच्या बाजाराला केळी पोहोचवायची असते. चार तासांत गाडी उभी करून देणारा तो चांगला कारागीरच. पण त्याने काय केले, कोणत्या जागी, कोणत्या इलेक्ट्रोडने, याची नोंद कुठेच राहत नाही. पुढच्या मालकाला काळा रंग दिसतो आणि तो पैसे त्या रंगाचे देतो.

चौकट : गाडीखाली वाकल्यावर

*चिखल खरवडल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. आधी तारेचा ब्रश, मग नजर. हातोडीने हलके ठोकत जावे: चांगला पत्रा खणखणतो, पापुद्रे सुटलेला बदबद वाजतो. रिव्हेटच्या डोक्याखालून ओघळलेली तांबडी रेघ म्हणजे रिव्हेट सैल होऊन घासते आहे. दोन पत्र्यांमधली फट फुगलेली दिसली तर आत गंज आहे. केबिन आणि हौदा यांतले अंतर डावी-उजवीकडे वेगळे असणे, गाडी रस्त्यावर तिरकी चालणे, एकाच बाजूचे टायर लवकर खाणे, यांचे कारण अनेकदा टायरच्या दुकानात नसून चॅसिसमध्ये असते. आणि पासिंगच्या आदल्या आठवड्यातला ताजा काळा रंग दिसला, तर आधी तो खरवडावा.*

'ब्रेक फेल' म्हणून विषय संपतो का?

४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ मध्य प्रदेशाकडून येणारा कंटेनर ट्रक पुढच्या वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० जणांचा जीव गेला, वीसहून अधिक जखमी झाले. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्या गाडीची चॅसिस गंजलेली होती, असा दावा इथे नाही. मुद्दा असा की बिजासन घाटाखाली घडलेल्या अशा अपघातांत 'ब्रेक फेल' हे दोन शब्द उच्चारले की चौकशी तिथेच संपल्यासारखी वाटते. ब्रेक हा एकटा भाग नाही. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ती हवा ज्या टाक्यांत साठते त्या चॅसिसला पट्ट्यांनी बांधलेल्या असतात आणि तिचे पाइप चॅसिसवरून जातात. दाबलेल्या हवेतून पाणी सुटते, ते वेळच्या वेळी काढले नाही तर टाकी आतून गंजते आणि गंजाचा भुगा झडपांत जातो. पाटेसुद्धा नुसते वजन पेलत नाहीत. ब्रेक लागल्यावर चाकांना बसणारी सारी ओढ पाट्यांच्या पुढच्या हँगरमधून चॅसिसवर येते. एका बाजूच्या हँगरचे रिव्हेट सैल असतील तर भरधाव गाडीचा आस तिथेच किंचित तिरका होतो आणि उत्तम ब्रेक असूनही गाडी एका बाजूला खेचते. ब्रेकच्या रोलरवर, सपाट जमिनीवर, रिकामी गाडी उभी करून घेतलेल्या चाचणीत हे दिसेलच असे नाही.

चॅसिसच्या शेवटच्या टोकाचा संबंध तर मागून येणाऱ्या माणसाशी आहे. ट्रकच्या मागे खाली आडवा लोखंडी दांडा असतो. मागून धडकलेली कार हौद्याखाली घुसू नये, म्हणून नियमाने तो लावावा लागतो. तो ज्या चॅनलच्या टोकांना बांधलेला असतो, ती टोके मागच्या चाकांच्या चिखलाची थेट धनी. टोक पोकळ झाले असेल तर दांडा रंगवलेला, परावर्तक पट्टी चिकटवलेला, दिसायला नियमात बसणारा असतो आणि पहिल्याच धक्क्याला आत दुमडतो. कारच्या एअरबॅगचा तिथे उपयोग नसतो, कारण हौद्याची कडा काचेच्या उंचीवर येते.

बहुतेक अपघात चालकाच्या चुकीने होतात, गंजाचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत अतिवेग हेच सर्वांत मोठे कारण दिसते, हे मान्यच आहे. पण अपघाताच्या नोंदीत कारण बहुधा एकच लिहिले जाते आणि जागेवर सर्वांत सहज लिहिता येण्याजोगे कारण म्हणजे वेग. मोडलेल्या चॅनलची कडा जुनी, तांबूस आहे की ताजी, चमकती, हे पाहिले तर चीर अपघाताआधीची होती की अपघाताने पडली, ते बऱ्याचदा तिथल्या तिथे ओळखता येते. ते पाहण्याची सवय नाही, म्हणून आकड्यांत चॅसिस नाही. शिवाय चालकाची चूक आणि गाडीचा दोष यांत निवड करावी लागते, असे थोडेच आहे? चांगली गाडी छोट्या चुकीतून सावरते, कुजलेली सावरत नाही.

पासिंग काय पाहते

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ नुसार मालवाहू गाडीला योग्यतेचे प्रमाणपत्र लागते, ज्याला सगळे पासिंग म्हणतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांचे मिळते, नंतर दरवर्षी करावे लागते. जड मालवाहू गाड्यांची तपासणी स्वयंचलित केंद्रांतच करण्याची सक्ती आधी १ एप्रिल २०२३ पासून ठरली होती, ती पुढे १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. यंत्रे आल्याने मानवी मेहेरबानी आणि चिरीमिरी कमी होईल, हे स्वागतार्हच. यंत्र ब्रेकची पकड मोजते, चाकांचा आडवा घसर, दिव्यांचा झोत, धूर, वेगमापक, सांध्यांचा ढिलेपणा मोजते. चॅनलचा पत्रा रंगाखाली किती उरला, हे यांतले कोणतेही यंत्र मोजत नाही. ते काम शेवटी डोळ्यांवरच राहते, आणि डोळ्यांना रंग दिसतो. २०२१ मध्ये आलेले जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण खासगी ट्रकांच्या बाबतीत नुसत्या वयावर नाही, गाडी तपासणीत नापास होण्यावर उभे आहे. ही दिशा योग्यच आहे, कारण दहा वर्षांची वाळूची गाडी वीस वर्षांच्या कापसाच्या गाडीपेक्षा जास्त कुजलेली असू शकते. पण मग तपासणीने चॅसिस पाहिलीच पाहिजे.

अमेरिकेच्या व्यावसायिक वाहनांच्या नियमांत चॅसिससाठी वेगळे कलम आहे. ती तडकलेली, सैल, खचलेली किंवा तुटलेली नसावी. कंपनीने सांगितल्याखेरीज ओठाला खाच किंवा भोक पाडू नये. कंपनीच्या सूचनेबाहेर तिच्यावर काहीही वेल्ड करू नये. अर्थात नियम असले म्हणजे गंज टळतो असे नाही. त्याच देशात टोयोटाच्या सुमारे १५ लाख पिकअप आणि मोठ्या गाड्यांच्या चॅसिस पुरेशा गंजरोधक लेपाअभावी कुजल्याचा दावा झाला, आणि कंपनीने जबाबदारी मान्य न करता २०१६ मध्ये तब्बल ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड स्वीकारली. भोक किती मोठे झाले की चॅसिस बदलून द्यायची, याचे माप त्यात ठरवलेले होते. आपल्याकडे मालकाला असे दार ठोठावता यावे, तर आधी गंज किती झाला, हे कागदावर यायला हवे.

एक-दोन गाड्यांच्या मालकाला हे परवडेल का, हा शेवटचा आणि सर्वांत खरा प्रश्न. चॅसिस बदलणे त्याला परवडणार नाही, आणि वेळेवर कळले तर तशी वेळही सहसा येणार नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर चिखल खरवडून खालचा ओठ गोड्या पाण्याने धुणे, वाळल्यावर उघड्या जागी रेड ऑक्साइड आणि वर रंग, हौद्याखालच्या कुजलेल्या लाकडी पट्ट्या बदलणे, चॅनलमधली पाणी निघायची भोके मोकळी ठेवणे, खत किंवा मीठ वाहिल्यावर त्याच दिवशी हौदा आणि चॅसिस धुणे: यात मजुरी जाते, भांडवल जात नाही. पत्र्याची जाडी मोजणारे ध्वनिलहरींचे यंत्र तळहाताएवढे असते. एका बाजूने टेकवले की पलीकडचे लोखंड किती उरले, ते मिलिमीटरच्या दशांशांत दाखवते. प्रत्येक पासिंगला दोन्ही चॅनलांच्या ठरलेल्या सहा-आठ जागी हा आकडा घेऊन प्रमाणपत्रावर लिहिला, तर दुसऱ्या पासिंगपासून गंजाचा वेगही कळू लागेल. समजा, हँगरमागचा ओठ आठव्या वर्षी ६.८ मिलिमीटर, नवव्या वर्षी ६.५ आणि दहाव्या वर्षी ५.९ भरला. या तीन आकड्यांवरून गॅरेजवाल्याला दुरुस्ती कुठे करायची ते कळेल, विमा कंपनीला जोखीम कळेल, आणि गाडी विकत घेणाऱ्याला काळ्या रंगाची किंमत किती द्यायची तेही.